शेड नंतर बांधा, आधी माणूस शोधा: नव्या शेळीपालकाने धंदा शिकवणारा गुरू कसा गाठायचा

"दादा शेळीपालन सुरू करायचंय, शेड किती बाय किती बांधू?" हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतोच. विचारणारा बहुतेक वेळा पुण्या-मुंबईला नोकरीत, गावाकडं दोन-तीन एकर, वडील थकलेले, आणि मोबाईलमध्ये यूट्यूबचे तीसेक व्हिडिओ सेव्ह करून ठेवलेले. मी त्याला उलट विचारतो, तू बसतोस कुणापाशी? म्हणजे? म्हणजे तुझ्या पंचक्रोशीत असा कोण माणूस आहे ज्याच्या गोठ्यात तू तासभर बसू शकतोस आणि तो तुला त्याच्या हिशोबाची वही उघडून दाखवेल. यावर फोनवर शांतता.

मी पण असाच होतो म्हणून सांगतो. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला नऊ वर्षं काढली, मग डोक्यात भूत शिरलं, राजीनामा दिला आणि पारनेर तालुक्यात आमच्या गावी येऊन साडेचार लाखाचं शेड ठोकलं, वर पत्रा, खाली फरशी, गव्हाणी स्टीलच्या, येणारा-जाणारा फोटो काढायचा. शेळ्या आणल्या लांबच्या एका फार्मवरून, नाव नाही घेत, तिथं दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, सर्टिफिकेट होतं, जेवण पण चांगलं होतं, आणि ट्रेनिंग संपल्यावर त्यांच्याच शेळ्या घ्यायच्या होत्या. बेचाळीस घेतल्या. पहिल्या पावसाळ्यात, दसरा यायच्या आत, सतरा मेल्या. आल्या आल्या तीन आठवडे वेगळ्या ठेवायच्या असतात हे माहीत नव्हतं, पावसाच्या तोंडावर आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होऊन शेळी दगावते त्या रोगाची, लस द्यायची असते हे ट्रेनिंगच्या वहीत लिहिलेलं होतं पण ती वही मी परत उघडलीच नव्हती.

शेळ्या मेल्या म्हणून तोटा झाला असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो. खरं तर त्या सतराच्या सतरा जगल्या असत्या तरी मी तोट्यातच होतो. हे मला दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं नाही, यूट्यूबनं तर नाहीच नाही, ते सांगितलं पलीकडच्या वाडीतल्या अण्णांनी, एका कागदावर दहा मिनिटांत. तो हिशोब खाली देतो.

आपल्याकडं शेतीत "कसं पिकवायचं" सांगणारे ढिगानं आहेत, कृषी विज्ञान केंद्र आहे, राहुरीचं विद्यापीठ आहे जिथं संगमनेरी शेळीवर वर्षानुवर्षं काम चाललंय, फलटणला निंबकरांची संस्था आहे जिचं उस्मानाबादी शेळीवर आणि मेंढ्यांवर मोठं काम आहे, उरुळीकांचनला बाएफ ही पशुपालनाचं काम करणारी संस्था १९६७ पासून आहे. ही सगळी माणसं चांगली, माहिती पक्की, जरूर जा. पण "पैसे कसे राहतात" हे शिकवणारा माणूस सरकारी यादीत सापडत नाही, तो शोधावा लागतो. द्राक्षवाल्यांचं बरंय, नाशिककडं एकरावर फी घेणारे सल्लागार आहेत, पैसे दिलेत म्हटल्यावर तो बांधावर येतो आणि तुम्ही पण जाब विचारता. शेळीवाल्याला फी देऊन सल्ला घ्यायची सवयच नाही, त्यामुळं फुकट सल्ला सगळे देतात आणि जबाबदारी कुणाचीच नाही.

गुरू कोण आणि गिऱ्हाईक शोधणारा कोण

पहिली आणि सगळ्यात मोठी अट, ज्याच्याकडून शिकायचं त्याच्याकडून जनावर विकत घ्यायचं नाही, निदान पहिलं वर्षभर तरी नाही. तो कितीही देवमाणूस असला तरी त्याची पाठ (तरुण शेळी) विकली जाणार असेल तर तो तुम्हाला "थांब जरा" असं म्हणणार नाही, आणि नव्या माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती "थांब" म्हणणाऱ्याची.

दुसरी अट, त्यानं निदान एक दुष्काळ जनावरांसकट काढलेला असावा. आमच्या नगरकडं २०१२-१३ चा आणि २०१८-१९ चा विचारा, कोण चारा छावणीत गेलं, कुणी आधीच विकून टाकलं, कुणी व्याजानं कडबा घेतला. अण्णांनी २०१२ ला पोळ्याच्या आधीच अर्धा कळप विकला होता, लोक हसले, म्हणाले म्हातारा घाबरला. चार महिन्यांनी बाजारात जनावर येईल त्या भावाला जात होतं. असा अनुभव व्हिडिओत येत नाही कारण व्हिडिओ करणारे बरेचसे चार वर्षांपूर्वी सुरू झालेत.

तिसरी, तो जवळचा असावा. वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतला. तोच पाऊस, तोच चारा, तोच बाजार, तेच व्यापारी. कोकणातल्या माणसाचा सल्ला पारनेरला चालत नाही, तिकडं पावसाचं गणितच वेगळं. गावाचे नियम पण त्यालाच ठाऊक असतात. आमच्या जिल्ह्यात हिवरे बाजारनं चराईबंदी केली आणि ती पाळून दाखवली हे सगळ्यांना माहितीये, तशी काही गावं आहेत जिथं शेळी मोकळी सोडता येत नाही, मग बंदिस्तच करावं लागतं आणि बंदिस्तचा खर्च वेगळा. हे शेड बांधायच्या आधी कळायला हवं ना.

चौथी अट मी सगळ्यांना विचारायला लावतो. त्याला विचारा, "तुमचं सगळ्यात जास्त नुकसान कशात झालं?" जो माणूस लगेच सांगायला लागतो, तारखेसकट, आकड्यासकट, थोडा स्वतःवर हसत, तो तुमचा माणूस. "आपलं कधी नुकसान झालंच नाही" म्हणणाऱ्याला नमस्कार करून चहा पिऊन निघा.

तो भेटतो कुठं

बाजारात भेटतो. चाकण, काष्टी, घोडेगाव, लोणंद, जो जवळ असेल तो. न विकता न घेता चार बाजार नुसते फिरा, कोण माणूस दर वेळी दोन-तीनच बोकडं आणतो, घाई करत नाही आणि भाव पटला नाही तर परत घेऊन जातो, त्याच्याकडं लक्ष ठेवा. परत नेणारा माणूस म्हणजे ज्याला आपला खर्च माहीत आहे.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात भेटतो, म्हणजे तिथल्या डॉक्टरला किंवा ड्रेसरला विचारायचं की तुमच्याकडं सगळ्यात कमी वेळा कोण येतं. सगळ्यात जास्त नाही, कमी. मला असंच कळलं. डॉक्टर म्हणाले, "ते अण्णा लस न्यायला येतात, बाकी वर्षभर तोंड दाखवत नाहीत, त्यांच्याकडं जाऊन बस."

उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटांत पशुसखी असतात, गावातलीच बाई, ट्रेनिंग घेतलेली, जंताचं औषध, लसीकरण, खुराकाचं मार्गदर्शन असं करते आणि थोडे पैसे घेते. तिच्याकडं गावातल्या प्रत्येक घरातल्या शेळीची खबर असते, कुणाच्या जगतात, कुणाच्या मरतात, कोण कुठं विकतं. नव्या माणसानं पहिल्या महिन्यात तिच्यामागं गावभर फिरावं, पाचशे रुपयांचं काम असेल तर हजार द्यावेत, कुठल्या कोर्सपेक्षा स्वस्त पडेल. खास करून ज्या ताई स्वतः धंदा करणार आहेत त्यांना हे सोपं जातं, कारण एकट्या बाईनं जाऊन कुठल्यातरी म्हाताऱ्याच्या गोठ्यात बसायचं म्हटलं की गाव चार गोष्टी बोलतं, बोलू नये पण बोलतं.

आरसेटी माहीत नसेल तर माहीत करून घ्या. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जिल्ह्याजिल्ह्यात कुठल्यातरी बँकेची असते, राहून-जेवून फुकट ट्रेनिंग, शेळीपालन, दूध, कुक्कुटपालन सगळं, आणि महत्त्वाचं म्हणजे ट्रेनिंग झाल्यावर दोन वर्षं त्यांनी तुमचा पाठपुरावा करायचा असतो. हा पाठपुरावा मागून घ्या. कुणी मागतच नाही, लोक सर्टिफिकेट घेतात आणि फ्रेम करतात. ज्यांची कृषी किंवा पशुसंवर्धनाची डिग्री-डिप्लोमा आहे त्यांच्यासाठी ॲग्री क्लिनिकची केंद्राची योजना आहे, २००२ पासून चालू, हैदराबादची मॅनेज संस्था बघते, ४५ दिवसांचं ट्रेनिंग आणि नंतर वर्षभर हात धरून चालवणं असं तिचं स्वरूप आहे, पुढं कर्ज झालं तर ३६ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के सबसिडी. तुमच्याकडं डिग्री नसली तरी या योजनेतून उभी राहिलेली पोरं तालुक्यात असतात, त्यांना शोधा.

आणि एक सांगतो, गुरू एकच असावा असं काही नाही. जनावराचा एक आणि पैशाचा एक असे दोन असले तर सोन्याहून पिवळं. माझे पैशाचे गुरू म्हणजे आमच्या विकास सोसायटीचे रिटायर झालेले सचिव, त्यांनी आयुष्यात एक शेळी पाळली नाही पण तीस वर्षं कोणाचं कर्ज कशानं थकलं हे टेबलापलीकडून पाहिलंय.

जायचं कसं, बोलायचं काय

"मला मार्गदर्शन करा" असं म्हणून जाऊ नका. या वाक्यावर जुनी माणसं एक तर भाषण देतात नाहीतर टाळतात. एक छोटी, नेमकी गोष्ट घेऊन जा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एवढंच म्हणालो, "अण्णा, माझ्या शेळ्यांची पापणी आतून पांढरी दिसतेय, बघता का?" त्यांनी विचारलं, "आणलीय का?" म्हटलं नाही. "मग मी काय तुझी पापणी बघू?" दुसऱ्या दिवशी दोन शेळ्या टेम्पोत घालून नेल्या. त्यांनी खालची पापणी अंगठ्यानं ओढली, मला शेजारी त्यांच्या शेळीची दाखवली, लालबुंद, म्हणाले जंत झालेत, रक्त पितायत, शेण तपासून घे आणि डॉक्टर देईल ते वजनावर दे, अंदाजानं नको. मग विचारलं वजन किती हिचं? मला माहीत नव्हतं. "किती खाते?" माहीत नव्हतं. "कितीला पडली?" हे मात्र माहीत होतं. अण्णा म्हणाले, "म्हंजी तुला फक्त घेतल्याला आकडा ठावं हाय."

वेळ बघून जा. सकाळी धारा-खुराकाच्या वेळेला गेलात तर हातात पाटी घ्या, झाडू घ्या, उभं राहून प्रश्न विचारू नका. दुपारी एक ते तीन फोन करू नका. फोटो-व्हिडिओ काढायला पहिल्या दोन-तीन महिन्यांत मोबाईल बाहेर काढू नका, मी काढला होता आणि अण्णांच्या घरच्या काकूंनी जो काय माझा उद्धार केला तो इथं लिहिता येणार नाही. आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि तो चुकवू नका, माझा बुधवार होता, पहिल्या वर्षात बहुतेक सगळे बुधवार गेलो. जाताना काय न्यायचं? पैसे नकोत, अपमान वाटतो. त्यांच्या कामाचं काहीतरी न्या, मी त्यांची ई-पीक पाहणी मोबाईलवर करून द्यायचो, बँकेचे कागद वाचून सांगायचो, लाईट बिल भरायचो.

वही

आता मुद्द्याची गोष्ट. साधारण दोन महिन्यांनी अण्णांनी वही काढली. लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात मिळते तसली, दोरीनं बांधलेली. डाव्या पानावर पैसे गेले, उजव्या पानावर पैसे आले, आणि मागच्या बाजूनं उलटी सुरू केलेली शेळ्यांची यादी, प्रत्येक शेळीला अर्धं पान, कधी भरली (बोकड लावला), कधी व्याली, किती दिली, किती जगली. एका शेळीवर तिरकी रेघ मारून शेजारी लिहिलेलं, "दोनदा उलटली, विकली, उशीर केला." उलटली म्हणजे गाभ राहिली नाही. हे "उशीर केला" बघून मला जे कळलं ते कुठल्या पुस्तकात नाही, माणूस वीस वर्षांनी पण स्वतःची चूक वहीत लिहून ठेवतोय.

डाव्या पानावर दर महिन्याला एक आकडा ठरलेला होता, शेजारी लिहिलेलं "हजेरी". मी विचारलं गडी ठेवलाय का? म्हणाले नाही, ही माझी. स्वतःची मजुरी. दुसऱ्याच्यात गेलो असतो तर रोज मिळाला असता ना, मग इथं का फुकट राबायचं? नव्या माणसाचा धंदा बुडतो तो बऱ्याचदा इथंच, घरच्या माणसांची मजुरी धरत नाही, घरचा चारा धरत नाही, आणि मग "वर्षाला लाख सुटले" म्हणतो, ते लाख म्हणजे बायको आणि आईची मजुरी असते.

मग त्यांनी माझा हिशोब मांडला. सोपं जावं म्हणून वीसच शेळ्यांचा मांडला. मी म्हणालो होतो वीस शेळ्या, वर्षाला दोन वेत, दोन-दोन करडं, म्हणजे ऐंशी करडं, सात हजारानं धरली तरी पाच लाख साठ हजार. अण्णा म्हणाले शेळी पाच महिने गाभण असते, व्याल्यावर दोन-तीन महिने तरी सोडायचे, म्हणजे चांगलं जमलं तर दोन वर्षांत तीन वेत, तुझं नवख्याचं वर्षाला सव्वा नाहीतर एक पॉइंट तीन वेत धरू. वीस शेळ्यांची सव्वीस वेतं. सगळ्यांना जुळी होत नाहीत, सरासरी दीड धर, एकोणचाळीस करडं. सहा मरतील, राहिली तेहतीस. पाच पाठी घरी ठेवशील, म्हाताऱ्या शेळ्यांच्या जागी. विकायला अठ्ठावीस. अठरा किलोला विकलीस आणि चारशेचा भाव धरला तर नगाला ७२०० म्हणजे २,०१,६००. आता खर्च. मोठ्या वीस शेळ्यांना पाव किलो खुराक रोज, दिवसाला पाच किलो, वर्षाला १८२५ किलो, तीस रुपयानं ५४,७५०. तुझी हजेरी तीनशेनं ३६५ दिवस, १,०९,५००. उरले ३७,३५०. आणि यातून अजून चारा, करडांचा खुराक, औषध, लस, वीज, आणि त्या ताजमहालाचा हप्ता जायचाय. ताजमहाल म्हणजे माझं शेड.

तिथं मला कळलं की सतरा मेल्या नसत्या तरी काही फरक नव्हता. वीस-पंचवीस शेळ्या हा पूर्णवेळ माणसाचा धंदा नाहीच, तो जोडधंदा आहे, सकाळ-संध्याकाळ करायचा आणि दिवसा दुसरं काहीतरी. हे आधी कळलं असतं तर नोकरी दोन वर्षं उशिरा सोडली असती. तुमचे आकडे वेगळे असतील, भाव वेगळा, खुराक वेगळा, पण हा कागद कुणातरी जाणत्या माणसासमोर बसून मांडा आणि त्याला प्रत्येक आकडा खोडायला सांगा.

पैसा कुठं घालायचा

अण्णांचं गणित आण्यांत होतं, जवळच्या रुपयातले चार आणे शेडला, आठ आणे जनावराला, चार आणे हातात. मी बारा आणे शेडला घातले होते. सचिव काका त्या हातातल्या चार आण्यांनाच खेळतं भांडवल म्हणायचे, म्हणायचे शेड हे मुदतीचं कर्ज, खुराक-औषध हे खेळतं भांडवल, एकाचा पैसा दुसऱ्यात गेला की फाईल थकली समज. पशुपालनाला पण किसान क्रेडिट कार्ड मिळतं, २०१८-१९ पासून, हे अजून निम्म्या लोकांना माहीत नाही, ते खेळत्या भांडवलासाठीच असतं, त्यातून गाडीचं डाऊन पेमेंट करू नका.

सबसिडीचं पण थोडं बोलू कारण सगळे तिथूनच सुरू करतात. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या युनिटला ५० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, अशी सबसिडी आहे, मोठ्या युनिटला त्या पटीत वाढत जाते. योजना चांगलीच आहे. पण सबसिडी दोन हप्त्यांत येते, दुसरा हप्ता सगळं उभं राहून तपासणी झाल्यावर, तोवर स्वतःचा हिस्सा आणि बँकेचं कर्ज यावर चालवायचं असतं. ज्यानं दहा शेळ्या पण एक वर्ष सांभाळलेल्या नाहीत त्यानं सबसिडीसाठी शंभर आणणं म्हणजे पोहायला यायच्या आधी धरणात उडी. सचिव काका विचारायचे, "सबसिडी नसती तर केलं असतंस का?" उत्तर नाही असेल तर फाईल करू नका. यावर माझं आणि आमच्या मित्रांचं भांडण होतं, ते म्हणतात सरकार देतंय तर घ्या, मी म्हणतो घ्या, पण तिसऱ्या वर्षी.

बाजार

नऊ वर्षं चाकणला कंपनीत होतो पण चाकणचा बाजार कधी आतून पाहिला नव्हता, बघितला तो अण्णांबरोबर. जायच्या आधी म्हणाले खिशात पैसे घेऊ नको, नाहीतर घेशील काहीतरी. तिथं गेल्यावर एका कडेला उभं केलं, म्हणाले तासभर नुसतं बघ. जुने दलाल रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबून भाव ठरवतात, बाजूला उभ्या माणसाला काही कळत नाही, तोंडानं मात्र मोठमोठ्यानं भलतंच बोलतात. मी बघत होतो हात, अण्णा म्हणाले हात कशाला बघतोस, पाय बघ. ज्याला घ्यायचंय तो जनावराकडं तोंड करून उभा राहतो, ज्याला नुसता भाव पाडायचाय त्याचा एक पाय निघायच्या बाजूला असतो. खरं-खोटं अण्णांना माहीत, पण तेव्हापासून मी बघतो आणि बऱ्याचदा बरोबर निघतं.

त्याच दिवशी ईदचं गणित कळलं. बकरी ईदला बोकड वर्षाच्या वरचा लागतो, लोक दात बघून घेतात. आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते, २०२५ ला ७ जूनला होती. म्हणजे ईदचा बोकड विकायचा तर बारा-तेरा महिने वाढवायचा, त्याआधी पाच महिने गाभणपण, एकूण दीड वर्ष आधी शेळ्या भरवायच्या. अण्णांच्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या ईदेपासून मागं मोजत खुणा केलेल्या असतात, वारकरी माणूस, माळ गळ्यात, पण ईद कधी आहे ते मशिदीतल्या माणसाच्या आधी यांना पाठ. नवे लोक ईदेच्या आधी दोन महिने मला विचारतात बोकड ईदला विकू का, अहो ते दीड वर्षापूर्वी ठरवायचं असतं.

दूधवाल्यांना हे थोडं वेगळं, त्यांचा बाजार डेअरीत, दर दहा दिवसाला बिल. तिथं शिकायचं ते बिल वाचायला, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) याच्या खाली गेलं की लिटरमागं किती कापलं, खाद्याचे किती वळते केले. जुन्या दूधवाल्याबरोबर त्याच्या आणि तुमच्या तीन-तीन बिलांची शेजारी शेजारी तुलना करा, अर्ध्या तासात कळेल कुठं गळतंय.

गुरू चुकतो तेव्हा

चुकतो की. अण्णा बोकडं कायम नगावर, उक्ती म्हणजे न तोलता द्यायचे, घरी येणाऱ्या एकाच व्यापाऱ्याला, पंधरा वर्षांचा संबंध. मी लटकवायचा डिजिटल काटा घेतला होता. एकदा त्यांची तीन बोकडं तोलली, तिन्ही मिळून ७१ किलो. व्यापारी २४ हजार देत होता. म्हणजे किलोला ३३८, आणि त्या आठवड्यात बाजारात चारशेनं चाललं होतं, ते झाले २८,४००. मी कागदावर मांडून दाखवलं, बोललो काही नाही. अण्णा बराच वेळ कागदाकडं बघत बसले, मग म्हणाले, "पंधरा वर्षाचं किती झालं असतील रं?" मग स्वतःच म्हणाले नको, मोजू नको. त्या दिवशी बोकडं विकली नाहीत. विम्याचं मात्र अजून ऐकत नाहीत, कानात टॅग मारायला तयार नाहीत, म्हणतात शेळी भ्याते. मी माझ्या सगळ्यांना मारलेत, कारण टॅग नसला की विम्याचा दावा अडतो आणि ते मी दुसऱ्याच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणजे ऐकायचं सगळं, पण वहीत आपला आकडा वेगळा येत असेल तर आपल्या वहीवर विश्वास ठेवायचा आणि तो त्यांना नेऊन दाखवायचा. भांडायचं नाही, नुसता कागद ठेवायचा.

आणि सोडायचं कधी? सोडायचं नसतं, पण बुधवार कमी होत जातात. पहिल्या वर्षी दर बुधवार, दुसऱ्या वर्षी महिन्यातून दोनदा, आता पोळा, दिवाळी आणि काहीतरी अडलं की. मध्येच कधीतरी अण्णांचाच फोन येतो, चारशेच्या वर गेलं का रे बाजारात, काटा घेऊन ये.

आता माझ्याकडं पण दोन पोरं येतात, एक जामगावकडचा, एक शिरूरचा. त्यांना मी शेड दाखवत नाही, पहिल्या वर्षाची माझी वही देतो वाचायला, त्यात जुलैपासून सप्टेंबरपर्यंत सतरा ओळी आहेत, नुसते नंबर आणि तारखा, तेव्हा कारण लिहायची पण अक्कल नव्हती. शिरूरचा पोरगा ती वाचून म्हणाला दादा कारणं लिहायला पाहिजे होती ना. त्याला म्हटलं, तू पुढच्या बुधवारी ये.